गोदेच्या उत्तरतीरावरचा वाचननेम

नववर्षाच्या पहिल्या दिवशी अधिक पुस्तके वाचण्याचा निश्चय करण्याची रीत आज नवी वाटत असली, तरी जालना जिल्ह्यासारख्या प्रदेशात वाचनाचा संकल्प ही ग्रंथालयांहून जुनी संस्था आहे, आणि तिचे मूळ धार्मिक विधीत सापडते. ‘संकल्प सोडणे’ या शब्दप्रयोगात प्रत्यक्ष सोडले जाते ते तळहातावरचे पाणी. ते सोडण्यापूर्वी कर्ता शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथी आणि आपले स्थान यांचा उच्चार करतो, व गोदावरी ही जिल्ह्याची दक्षिण सीमा असल्यामुळे येथील कर्ता आपण गोदेच्या उत्तरतीरी आहोत असे सांगतो. काळ, स्थळ आणि कार्य असे तिन्ही उच्चारल्यावर निश्चय मोघम राहू शकत नाही.

या संकल्पातून जे वाचन घडे, त्याला ‘नेम’ म्हणत. नेमाचा ग्रंथ ठरलेला असे आणि त्याचे मापही ठरलेले असे. चातुर्मासात, म्हणजे आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ लावला जाई; पहिल्याचे ३६ आणि दुसऱ्याचे ६४ अध्याय असल्याने रोजचे वाचन किती, हे आरंभीच कळत असे. एकाच ग्रंथाचे ठरावीक दिवसांत आद्यंत वाचन म्हणजे पारायण, आणि त्याच्या शेवटी होते ती समाप्ती. पोथी ही सुट्या लांबट पानांची, दोन फळ्यांमध्ये ठेवून वस्त्रात गुंडाळलेली असे, म्हणून ती उघडण्याला ‘पोथी सोडणे’ म्हणत. वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक असल्यामुळे निरक्षर माणसालाही नेम धरता येई. ‘वाचक’ या शब्दाचा आजचा एकाकी अर्थ त्या व्यवहाराला लागू पडत नाही.

जिल्ह्यात या परंपरेला एक विशेष आधार आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव असून, शके १५३०, म्हणजे १६०८ मध्ये, चैत्र शुद्ध नवमीला सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. शालिवाहन शकाचे वर्ष पाडव्याला सुरू होते आणि रामनवमी व समर्थजन्म हे नवव्या तिथीला येतात. त्यामुळे नववर्षाचे पहिले नऊ दिवस हा संप्रदायात वाचनाला स्वाभाविक अवधी ठरतो. २० दशक, प्रत्येकात दहा याप्रमाणे २०० समास आणि साडेसात हजारांहून अधिक ओव्या असलेला समर्थांचा ‘दासबोध’ रोजच्या वाटणीला फार सोयीचा आहे. रोज एक समास घेणाऱ्याचा नेम २०० दिवस चालतो. त्याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, ही गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. अक्षर कसे वळवावे आणि ओळी कशा राखाव्यात, याची तपशीलवार शिकवण त्यात आहे. छापखान्यापूर्वी वाचायचे तर आधी कोणीतरी नकल करावी लागे, हे ध्यानात घेतले की तो समास व्यवहाराचा धडा ठरतो. पुढे धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये स्थापन झालेल्या सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारे मठोमठीची समर्थसाहित्याची हस्तलिखिते जमवली आणि डोमगावच्या प्रतीवरून ‘दासबोध’ छापला.

पोथीकडून पुस्तकाकडे जाण्याची वाट मात्र येथे अवघड होती. हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि ‘गश्ती निशाण ५३’ या परिपत्रकाने जाहीर सभांना पूर्वपरवानगीची अट घातली होती. अशा स्थितीत मराठी वाचनालय हे सार्वजनिक जीवनाचेच एक ठिकाण झाले. हैदराबाद शहरातील मराठी ग्रंथसंग्रहालय १९२२ चे आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळू लागले, आणि १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांचे भाग जोडून जालना जिल्हा झाला. या बदलात वाचकाचा प्रश्नच पालटला. नेमात ग्रंथ परंपरेने दिलेला असे आणि उरे ती चिकाटी. वाचनालयाच्या कपाटापुढे मात्र आधी निवड करावी लागते, आणि पुष्कळांचा निश्चय तेथेच अडतो.

राज्य शासनाने २०२५ मध्ये १ ते १५ जानेवारी या काळात ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ हा उपक्रम महाविद्यालये आणि ग्रंथालयांमधून राबवला, ज्यात सामूहिक वाचन, पुस्तक परीक्षण यांसारखे कार्यक्रम होते. ‘संकल्प’ हा विधीतला शब्द आणि सामूहिक वाचनाची जुनी पद्धत त्यात पुन्हा आली, फक्त वर्ष इंग्रजी होते. त्याच साली पाडवा ३० मार्चला आणि रामनवमी ६ एप्रिलला आली; मधली एक तिथी क्षय झाल्याने चैत्रातले नवरात्र आठच दिवसांचे झाले, आणि नऊ दिवसांच्या वाटणीने पोथी सोडणाऱ्याला एका दिवसाचे समास इतर दिवसांवर घालावे लागले असणार.