दारणेचे दोन मासे

१९३८ साली सुंदरलाल होरा व के. एस. मिश्रा यांनी नाशिकजवळच्या देवळालीतील, दारणा नदीचे दोन लहान मासे शास्त्राला नवे म्हणून जाहीर केले. एकाला मत्स्य-अभ्यासक फ्रेझर यांचे नाव मिळाले. दुसऱ्याला मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे अभिरक्षक प्रेटर यांचे.

मित्रहो, शतकभर आधी, १८३९ मध्ये, कर्नल साइक्स यांनी दख्खनचे मासे नोंदवताना ‘खुद्री’, ‘कोलस’ ही लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रात नेली होती. देवळालीचे मासे मात्र साहेबांच्या नावाने ओळखले गेले.

आज ‘प्रेटरी’ जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त आहे. नाव ग्रंथात सुरक्षित आहे. मासा टिकवायचा तर दारणाच टिकली पाहिजे.