अंगणांतील कण्हेर

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत घरापुढें एक झुडूप बहुधा दिसतेंच. जमीन मुरमाड, पाणी बेताचें, उन्हाळा कडक. तरी तें बारमास हिरवें राहतें व देवपूजेला फुलें देतें. तें झुडूप म्हणजे कण्हेर.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी मेहकरास राहत होतों. एके दिवशीं मीं अंगणांतील कण्हेर छाटली आणि फांद्या कुंपणापलीकडे टाकल्या. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंची दुभती शेळी तीं सुकलेलीं पानें खाऊन दगावली. बाई मला एक शब्दहि बोलल्या नाहींत. शेळीची किंमत मीं दिली. परंतु तें मौन अद्याप विसरलों नाहीं.

वाईट याचेंच वाटतें कीं, लहानपणीं आजोबांनीं माझ्याकडून अमरकोश पाठ करून घेतला होता. त्यांत करवीराचें, म्हणजे कण्हेरीचें, एक नांव 'हयमारक' असें आहे, घोड्याला मारणारा. शब्द मुखांत होता, अर्थ शेळी मेल्यावर कळला!

हें ज्ञान केवळ आपल्याच देशांत होतें असें नाहीं. पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी यानेंहि हें झुडूप गुरांना व शेळ्यामेंढ्यांना विषारी असल्याचें लिहून ठेविलें आहे. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या उद्रेकांत तो मरण पावला. त्याच उद्रेकाच्या राखेंत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरांतील भिंतींवर बागांचीं चित्रें सांपडलीं, आणि त्यांत कण्हेर फुललेली आहे. विष ठाऊक असूनहि लोकांनीं तिला अंगणांतून घालविलें नाहीं, जपून वागविलें.

आतां छाटणीची रीत. कण्हेरीला कळ्या नव्या फुटीच्या शेंड्यावर येतात. म्हणून मोठा बहर ओसरल्यावर छाटावें. पेऱ्यावर तीन-तीन पानें असतात. त्याच्या किंचित् वर काप घेतला कीं खालून दोन-तीन फुटवे निघतात. जुनाट खोडें बुडापासून काढावींत. मात्र सर्व एकदम नव्हे, एका वेळीं तिसरा हिस्सा.

चीक डोळ्यांस व तोंडास लागूं देऊं नये, हात धुवावेत. तिचें विष हृदयावर परिणाम करतें आणि सुकल्यानेंहि जात नाहीं. जाळल्यास धूर बाधतो. तेव्हां छाटलेल्या फांद्या मोजून गोळा कराव्यात व खोल पुराव्यात. कुंपणापलीकडे कोणाची तरी शेळी असतेच.