रंगारी जेवायला गेला आहे

घराला रंग द्यायची कल्पना नवऱ्याला कधीच सुचत नाही. ती बायकोला सुचते, आणि नेमकी दसऱ्याच्या तोंडावर सुचते. आमच्याकडेही तसेच झाले. रंगारी आला, जुनाट रोग्याकडे डॉक्टर पाहतो तसे त्याने भिंतींकडे पाहिले आणि म्हणाला, "साहेब, रंग तुमचा, मजुरी माझी."

तिसऱ्या दिवशी रंग संपला. भिंत मात्र अर्धीच झाली होती. "भिंत पिते, साहेब," त्याने खुलासा केला.

बँकेत जन्मभर लोकांच्या खात्यांचा मेळ घालणारा माणूस मी. पण डब्यातला रंग आणि भिंतीवरचा रंग यांचा मेळ काही बसेना. अशा वेळी लोक अध्यात्माकडे वळतात. मी इतिहासाकडे वळलो. तिथे मला थोरला प्लिनी भेटला.

हा पहिल्या शतकातला रोमन ग्रंथकार. तो सांगतो की, उंची रंग घरमालकानेच रंगाऱ्याला आणून द्यायचे. त्यांत हिंगुळ असे, आपल्या हिंदुस्थानातून गेलेली नीळही असे. आता हिंगुळ वजनाला जड. रंगारी कुंचला भरभरून घेत आणि घडोघडी पाण्यात धूत. रंग तळाशी बसे आणि तळाचा तो ऐवज रंगाऱ्याच्या पदरात पडे! मी हा मजकूर हिला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवला.

"तरी मी सांगत होते, जरा लक्ष ठेवत जा," ही म्हणाली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चोरीचा ठपकाही शेवटी माझ्यावरच आला.

रोमन माणूस भिंतींवर एवढा खर्च करी, कारण त्याच्या घरात सामान बेताचे. पलंग, तिवया, पेट्या, दिवे, की संपले. सगळी हौस भिंतीवर आणि फरशीवर. बाहेरच्या बाजूला खिडक्या थोड्या, म्हणून भिंतीवरच बाग काढायची. संगमरवर परवडत नाही? गिलाव्यावर संगमरवर रंगवायचा! आमच्या शेजाऱ्यांच्या टेबलावर सागवानी दिसणारा सनमायका आहे. ही विद्या फार जुनी आहे.

व्हिट्रुव्हियस नावाचा वास्तुशास्त्री तर लिहून गेला आहे की, ज्यांना दुसऱ्यांच्या दारी मुजऱ्याला जावे लागते, त्यांना भव्य दिवाणखान्याची जरूर नाही. सावकारांची घरे मात्र ऐसपैस, देखणी आणि चोरांपासून सुरक्षित हवीत. बँकेतल्या कारकुनाबद्दल तो वेगळे काही म्हणत नाही. आमचा निकाल त्याने पहिल्याच वाक्यात लावलेला आहे.

पाँपेईच्या वेत्ती मंडळींचे घर पाहावे. हे दोघे बहुधा गुलामीतून सुटून श्रीमंत झालेले. त्यांनी दर्शनी चौकात दोन तिजोऱ्या मांडल्या होत्या. पाहुण्याचे स्वागत आधी तिजोरी करणार, मग यजमान! एका दालनाच्या भिंतीवर सोनारकाम करणारी, दारू विकणारी पंखवाली गुबगुबीत बाळे रंगवून घेतली होती. हे वाचून मी पोटभर हसलो. मग वाटले, ज्याचे अंगसुद्धा एके काळी दुसऱ्याच्या मालकीचे होते, त्याला स्वतःच्या चार भिंती मिळाल्यावर त्याने त्या किती म्हणून रंगवू नयेत?

इ. स. ६२ मध्ये पाँपेईला भूकंपाचा मोठा धक्का बसला होता. पडझड झालेली घरे दुरुस्त करण्याचे काम ७९ साली व्हेसुव्हियस फुटला तेव्हाही चालूच होते. एका घरात तर रंगारी भिंतीपाशीच होते. आज त्या घराला 'कामावर असलेल्या चित्रकारांचे घर' म्हणतात. रंगाची भांडी तिथेच राहिली आणि भिंत अर्धी राहिली. रंगारी उठून गेले ते पुन्हा आले नाहीत. त्यांच्या चोऱ्या लिहून ठेवणारा प्लिनीही त्याच उत्पातात समुद्रकिनारी मेला. फिर्यादी आणि आरोपी, दोघांचेही खाते एकदमच बंद झाले.

हे वाचले त्या दिवशी आमचा रंगारी "जेवून येतो" म्हणून गेला होता, तो चार दिवस फिरकला नाही. हिचा पारा रोज चढत होता. मी त्या अर्ध्या भिंतीकडे बघत बसे. काही सुचत नसे.

पाचव्या दिवशी तो दारात उभा राहिला. "पोरीला ताप होता, साहेब."

हिशेब विचारायला मी तोंड उघडले, पण तोंडातून निघाले ते एवढेच, "आधी चहा घेणार का?"