दिवसा उपचार, संध्याकाळी घरी: मानसिक आजारांसाठीची डे केअर केंद्रं कशी चालतात?

मानसिक आजारावरचे उपचार म्हटलं की बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. महिन्यातून एकदा मनोविकारतज्ज्ञांकडून गोळ्या लिहून आणायच्या, नाहीतर थेट मनोरुग्णालयात भरती व्हायचं. या दोन्हींच्या मधलाही एक मार्ग आहे. सकाळी घरून निघायचं, दिवसभर दहा-पंधरा जणांच्या गटात उपचार घ्यायचे आणि रात्रीच्या जेवणाला घरी परतायचं.

याची दोन रूपं आहेत आणि त्यांची गल्लत होते. आजार नुकताच उफाळलेला असताना भरतीऐवजी काही आठवडे रोज बोलावतात, ते डे हॉस्पिटल. तिथे डॉक्टरांची नजर रोज असते. आजार आटोक्यात आलाय, पण कामधंदा सुटलाय, माणसं तुटलीत, दिवस अंथरुणातच जातोय, अशा वेळी महिनोन्‌महिने जायची जागा म्हणजे डे केअर किंवा पुनर्वसन केंद्र. आपल्याकडे जे दिसतं ते मुख्यतः हे दुसरं.

ही कल्पना निघाली खाटांच्या टंचाईतून. 1930च्या दशकात मॉस्कोत पहिला प्रयोग झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच माँट्रियलमध्ये इवेन कॅमेरून आणि लंडनमध्ये जोशुआ बीरर यांनी अशी रुग्णालयं काढली. (कॅमेरूनचं नाव पुढे रुग्णांवरच्या अघोरी प्रयोगांमुळे बदनाम झालं, ती गोष्ट वेगळी.) सोय म्हणून सुरू झालेली ही पद्धत उपयोगीही ठरली. ज्यांना एरवी भरती करावं लागलं असतं, अशा दर पाच रुग्णांपैकी किमान एकाचे उपचार डे हॉस्पिटलमध्ये होऊ शकतात, असं अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संशोधकांना आढळलं.

तिथे दिवसभर करतात काय? बाहेरून पाहणाऱ्याला ते फारच साधं वाटतं. थोडा व्यायाम, वर्तमानपत्राचं वाचन, गटात गप्पा, चित्रकला किंवा गाणी, एकत्र डबा खाणं, दुपारी कागदी पिशव्या किंवा पणत्या बनवण्यासारखं काम. पण स्किझोफ्रेनियातून सावरणाऱ्या माणसाला ठरलेल्या वेळी उठून, आंघोळ करून, चपला घालून घराबाहेर पडणं हीच मोठी चढण असते. भास आणि संशय गोळ्यांनी बऱ्यापैकी आवरतात. गेलेला उत्साह, आटलेलं बोलणं, लोकांत मिसळायची भीती यांवर गोळ्यांचा जोर फारसा चालत नाही. त्यासाठी सराव लागतो, आणि सरावाला माणसं लागतात.

गटाचा आणखी एक फायदा आहे. ‘मलाही आवाज ऐकू यायचे’ असं शेजारच्या खुर्चीतला माणूस सांगतो, तेव्हा त्याचं वजन डॉक्टरांच्या समजावण्यापेक्षा वेगळं असतं. गोळ्यांनी वजन वाढतं, झोप येते, म्हणून त्या परस्पर बंद कराव्याशा वाटतात, हेही इथे मोकळेपणाने बोललं जातं. चांगल्या केंद्रात नातेवाइकांचाही गट असतो. ‘आळशी झालाय’ आणि ‘आजारी आहे’ यातला फरक घरच्यांना कळणं, हा उपचाराचाच भाग आहे.

महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण पुण्याचं. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्या अनुभवातून त्यांनी 1997 मध्ये ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. धायरीत संस्थेचं दिवसभराचं पुनर्वसन केंद्र उभं राहिलं, जोडीला शुभंकरांचे म्हणजे काळजीवाहू नातेवाइकांचे स्वमदत गट. अतुल कुलकर्णी यांचा ‘देवराई’ हा 2004चा चित्रपटही वाणी यांच्याच पुढाकारातला.

पुण्यात राहणाऱ्याला बस किंवा रिक्षाने धायरी गाठता येते. पोखर्णीत राहणाऱ्याचं काय? परभणी-परळी लोहमार्गावरचं हे गाव नृसिंहाच्या मंदिरासाठी ओळखलं जातं. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. पोखर्णीकरांसाठी पहिली पायरी परभणीचं जिल्हा रुग्णालय. महिन्यातून एकदा तिथे जाणं जमतं. पण आठवड्यातून पाच दिवस, तेही सोबत कुणाला तरी घेऊन? रोज दोन माणसांचं भाडं आणि दोन माणसांची बुडालेली मजुरी. आजारी असलेली घरातली सून असेल, तर दहा ते चार तिला मोकळीक द्यायला घर तयार होईल का, हा त्याहून अवघड प्रश्न. संध्याकाळी घरी परतता येणं हीच या उपचाराची खुबी, आणि अंतर वाढलं की नेमकी तीच हातची जाते.

कायद्याने हे ओळखलेलं आहे. 29 मे 2018 पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017च्या कलम 18 नुसार अशा सेवा राहत्या जागेजवळ असल्या पाहिजेत, त्यासाठी कुणाला लांबचा प्रवास करावा लागू नये. समाजात राहून होणारं पुनर्वसनही सरकारने पुरवायच्या सेवांमध्ये येतं. आरोग्य विम्यातही मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच वागवावं, असं कलम 21 म्हणतं. तरी अनेक पॉलिसी चोवीस तासांच्या भरतीवरच पैसे देतात. तेव्हा केंद्रात नाव घालण्याआधी विमा कंपनीकडून लेखी उत्तर घेतलेलं बरं.

केंद्र गावाजवळ नेता येत नसेल, तर त्यातला थोडा भाग नेता येतो. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पात गावातल्याच लोकांना ताणतणाव ओळखून आधार द्यायला शिकवलं गेलं. मराठवाड्यात सरकारचा ‘प्रेरणा प्रकल्प’ आशा कार्यकर्त्यांमार्फत शेतकरी कुटुंबांपर्यंत जाण्यासाठी आखला गेला. हे काही डे केअर नव्हे. पण आठवड्यातून एक दिवस, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या एका खोलीत, सात-आठ जण आणि एक प्रशिक्षित माणूस, एवढ्यावरही गट सुरू होऊ शकतो. त्याला इमारत लागत नाही, नेम लागतो.

डे केअर सगळ्यांसाठी नाही. आत्महत्येचे विचार तीव्र असतील, माणूस खाणंपिणं सोडून बसला असेल, आक्रमक झाला असेल किंवा रोजची दारू एकदम सोडल्यावर थरथर, भ्रम सुरू झाला असेल, तर तिथे भरतीच हवी. एरवी केंद्र निवडताना गट कोण चालवतं, गोळ्या कोण बदलतं आणि रात्री अचानक त्रास वाढला तर फोन कुणाला करायचा, हे आधी विचारून घ्यावं. शेवटच्या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नसेल, तर ‘टेलिमानस’ची सरकारी हेल्पलाइन 14416 आहे, ती मोफत असून चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.