व्याजदर उतरतात तेव्हा बँकेचं मार्जिन कुठे जातं?

शिर्डीतल्या एका लॉजमालकाने खोल्या वाढवायला व्यापारी बँकेतून फ्लोटिंग दराचं कर्ज काढलंय, असं समजा. रिझर्व्ह बँकेने रेपो दर कमी केला की साधारण तीन महिन्यांच्या आत त्याचं व्याज उतरतं. जवळच्याच गावातल्या शेतकऱ्याने जिल्हा सहकारी बँकेतून पीककर्ज घेतलंय. त्याचा दर मात्र जागचा हलत नाही. असं का, हे समजायला थोडा इतिहास बघावा लागतो.

आधी हिशोब. बँकेकडे १०० रुपयांच्या ठेवी आहेत असं धरा: ६० मुदतठेवी, ४० बचत खात्यात. कर्जांपैकी ५० रुपये रेपोशी जोडलेले. रेपो १ टक्क्याने उतरला की वर्षाला ५० पैसे उत्पन्न गेलं. मुदतठेवी मात्र जुन्या दराने बांधलेल्या. त्यातल्या २० रुपयांच्याच यंदा नव्या दराने लागल्या, तर वाचले फक्त २० पैसे. बचत खात्याचा दर आधीच कमी, तिथे कापायला फारसं काही नाही. म्हणजे ३० पैशांची तूट. उरलेल्या ठेवींची मुदत संपत जाते तशी ती भरून येते.

आता मागे जा. २००१ च्या सुरुवातीला बँक दर ८ टक्के होता, एप्रिल २००३ मध्ये ६ झाला. पण तेव्हा कर्जाचे दर बँका स्वतः ठरवत आणि सावकाश उतरवत. बचत खात्याचा दर रिझर्व्ह बँकच ठरवायची. तो मार्च २००३ मध्ये ३.५ टक्क्यांवर आला. शिवाय हाताशी असलेल्या सरकारी रोख्यांच्या किमती वाढल्या. त्यामुळे दर उतरणं तेव्हा बऱ्याच बँकांच्या पथ्यावर पडलं.

पुढे नियम बदलत गेले. २०१० मध्ये बेस रेट, २०१६ मध्ये एमसीएलआर आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांच्या नव्या घरकर्जांना आणि छोट्या उद्योगांच्या फ्लोटिंग कर्जांना रेपोसारखा बाहेरचा मापदंड. म्हणून २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला, तेव्हा घट आधी कर्जात दिसली, ठेवींत नंतर.

जिल्हा बँकेचं गणित तिसरंच. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला ७ टक्के दर सरकारी व्याज सवलत योजनेतून येतो. वेळेवर फेडणाऱ्याला केंद्र आणि राज्याच्या सवलतीमुळे तो शून्यावर येतो. इथे बँकेचं मार्जिन रेपोपेक्षा सवलतीच्या टक्क्यावर आणि ती रक्कम वेळेवर मिळण्यावर ठरतं.

तुम्ही या विषयावर प्रस्ताव लिहीत असाल, तर २००३ आणि २०२५ चे आकडे एकाच रांगेत टाकू नका. प्रयोगशाळेत मधेच उपकरण बदललं तर आपण वहीत नोंद करतो ना? इथे २०१९ ला उपकरण बदललं, आणि सहकारी बँकांकडे ते आलंच नाही. आधी एवढं विचारा: या बँकेचं कर्ज कशाला बांधलेलं आहे? रिग्रेशन त्यानंतर.