वाटेवरचा परका : पारगमन-व्हिसाचा इतिहास आणि भारतीय प्रवासी

परदेशप्रवासाचा विचार मराठी वाङ्मयाच्या अभ्यासात बहुधा प्रवासवर्णनाच्या अंगाने होतो. पाहिलेली शहरे, भेटलेली माणसे, मनावर उमटलेले ठसे यांची नोंद तेथे सापडते. प्रवासापूर्वी वकिलातींच्या दारांत काढलेले दिवस मात्र एखाद्या विनोदी परिच्छेदात संपून जातात. वस्तुतः अनेक देशांतून जाणाऱ्या प्रवाशाचा खरा मार्ग नकाशावर नव्हे, तर त्याच्या पारपत्राच्या पानांवर ठरत असतो. ज्या देशात काही दिवस राहावयाचे तेथे पर्यटक-व्हिसा, आणि ज्या देशातून केवळ पुढे जावयाचे तेथे पारगमन-व्हिसा, म्हणजे व्यवहारातला ‘ट्रान्झिट व्हिसा’, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे. यांपैकी पहिल्या प्रकाराचे प्रयोजन सहज समजते. ज्याला थांबावयाचेच नाही त्याने परवानगी कशासाठी मागावी, हा प्रश्न मात्र तितका सोपा नाही. त्याचे उत्तर विसाव्या शतकाच्या इतिहासात शोधावे लागते.

१८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघून जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या, आणि १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी तेथून फिलाडेल्फियाला गेल्या. या दोघींच्या वाटेत अडथळे थोडे नव्हते. परंतु ते घरचे होते. समुद्रगमनाचा निषेध, जातिबहिष्काराची भीती, पैशाची चणचण आणि स्त्रीने एकटीने परदेशी जाण्याविषयीचा लोकापवाद यांना त्यांना तोंड द्यावे लागले. श्रीरामपूर येथे १८८३ मध्ये दिलेल्या व्याख्यानात आनंदीबाईंनी ज्या आक्षेपांना उत्तरे दिली ते स्वकीयांचेच होते. परक्या देशाच्या उंबरठ्यावर व्हिसा मागणारे कोणी नव्हते. पहिल्या महायुद्धापूर्वी पश्चिम युरोपातील बहुतेक देशांत पारपत्राविना फिरता येई; रशिया आणि ऑटोमन साम्राज्य हे ठळक अपवाद होते. तथापि हे स्वातंत्र्य सर्वांसाठी सारखे नव्हते, हेही विसरता येत नाही. अमेरिकेने १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना दार बंद केलेच होते.

भारतीयांच्या बाबतीत वाटेवरचा थांबा हाच दोष ठरविण्याचे पहिले ठळक उदाहरण कॅनडाचे आहे. जानेवारी १९०८ मध्ये तेथील सरकारने असा हुकूम काढला की, आपल्या जन्मदेशातून किंवा नागरिकत्वाच्या देशातून, तेथेच काढलेल्या थेट तिकिटावर, अखंड प्रवास करून न येणाऱ्यास प्रवेश नाकारता येईल. हुकुमात भारताचे नाव कोठेही नव्हते. ब्रिटिश साम्राज्याची प्रजा म्हणून भारतीयांना उघडपणे वगळणे लंडनला अडचणीचे झाले असते. परंतु भारतातून कॅनडाला थेट तिकीट मिळणार नाही अशी तजवीज झाल्यावर नाव घेण्याची आवश्यकताही उरली नाही. मे १९१४ मध्ये व्हँकूव्हरला पोहोचलेल्या ‘कोमागाटा मारू’ या जहाजावर ३७६ प्रवासी होते. जहाज हाँगकाँगहून निघाले होते. म्हणजे प्रवास अखंड नव्हता. मोजके अपवाद वगळता कोणालाही उतरू दिले गेले नाही. दोन महिने बंदरात अडकून पडल्यानंतर २३ जुलै रोजी जहाज परत फिरले. २९ सप्टेंबर रोजी कलकत्त्याजवळील बजबज येथे झालेल्या गोळीबारात त्यांपैकी अनेकांचा अंत झाला. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत या प्रकरणी औपचारिक क्षमायाचना केली ती २०१६ साली.

महायुद्धाने पारपत्र सार्वत्रिक केले. भारतात १९१७ च्या भारत संरक्षण (पारपत्र) नियमांनी ते समुद्रमार्गे येणाऱ्या-जाणाऱ्यांना सक्तीचे झाले, आणि युद्ध संपल्यावर १९२० च्या कायद्याने भारतात प्रवेश करण्यासाठी पारपत्राची अट कायम राहिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्रसंघाच्या विद्यमाने पॅरिस येथे पारपत्रविषयक परिषद भरली. आज परिचित असलेली ३२ पानांची पारपत्र-पुस्तिका ही तिचीच देणगी होय. व्हिसांविषयीही तेथे शिफारशी झाल्या. गंतव्य देशाचा व्हिसा दाखविताच, अपवादात्मक कारण नसल्यास, मधल्या देशाने चौकशी न करता पारगमन-व्हिसा द्यावा, असे त्यांत म्हटले होते. साध्या व्हिसाचे शुल्क दहा सुवर्ण फ्रँकांहून अधिक आणि पारगमन-व्हिसाचे एका फ्रँकाहून अधिक नसावे, असेही सुचविले गेले. या दहास एक प्रमाणातच परिषदेची दृष्टी दिसते. वाटसरू हा यजमानावर फारसा भार टाकीत नाही, हे तिने गृहीत धरले होते.

मात्र याच शिफारशीतून अनेकदेशीय प्रवासाचा एक विलक्षण नियम रूढ झाला : प्रवास पुढे जातो, पण व्हिसा मागून गोळा करावे लागतात. शेवटच्या देशाचा शिक्का प्रथम, मग त्याच्या आधीच्या देशाचा, असे करीत प्रवाशाला आपल्या दारापर्यंत उलट यावे लागते. साखळीतील एक कडी नाकारली गेली, तर तिच्या आधीच्या सर्व कड्या निरर्थक होतात. १९२१ च्या बार्सिलोना करारानेही पारगमनाचे स्वातंत्र्य मान्य केले. परंतु ज्याला प्रवेश निषिद्ध आहे अशा प्रवाशाला वाट देण्याचे बंधन कोणत्याही राष्ट्रावर घातले नाही. अपवादाची ही फट पुढे रुंदावत गेली. मुंबईत जन्मलेले आणि ब्रिटिश संसदेचे सभासद असलेले शापुरजी सकलातवाला १९२५ मध्ये आंतरसंसदीय परिषदेसाठी अमेरिकेला जाणार होते. त्यांचा व्हिसा त्यांच्या साम्यवादी मतांमुळे रद्द करण्यात आला. दोन वर्षांनी खुद्द भारतात येण्याचा मार्गही त्यांना बंद झाला.

स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय प्रवाशाची पहिली परीक्षा स्वदेशातच होई. पारपत्र देणे ही सरकारची मर्जी मानली जात होती. परकीय चलनाच्या टंचाईमुळे रिझर्व्ह बँकेच्या मंजुरीचा ‘पी फॉर्म’ असल्याखेरीज परदेशाचे तिकीट निघत नसे. राष्ट्रकुलातील नागरिकांना ब्रिटनचे दार १९६२ पर्यंत उघडे होते. परंतु त्याआधीच्या दशकात कष्टकरी वर्गातील अर्जदारांना पारपत्र देतानाच भारतीय अधिकारी हात आखडता घेत असत. म्हणजे व्हिसा नसतानाही त्याचे काम दुसऱ्याच्या हातून होत होते. एप्रिल १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने परदेशी जाण्याचा हक्क संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील वैयक्तिक स्वातंत्र्यात अंतर्भूत असल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी पारपत्र कायदा झाला, आणि १९७८ च्या मेनका गांधी खटल्याने पारपत्र काढून घेण्याची रीतही न्याय्य असली पाहिजे असे ठरविले. घरातून बाहेर पडण्याचा हक्क असा मान्य झाला. दुसऱ्याच्या अंगणातून जाण्याचा हक्क मात्र कोणतेही भारतीय न्यायालय देऊ शकत नव्हते.

नेमक्या याच सुमारास युरोपची दारे मिटू लागली. १९८६ मध्ये ब्रिटनने भारतीय अभ्यागतांना व्हिसा सक्तीचा केला. बाँबस्फोटांनंतर फ्रान्सनेही त्याच वर्षी मोजके शेजारी वगळून सर्वांवर तो लादला. १९८७ च्या ब्रिटिश कायद्याने योग्य कागदपत्रांविना प्रवासी आणणाऱ्या वाहतूक कंपनीला दरडोई एक हजार पौंडांचा भुर्दंड ठरविला. परिणामी सीमेवरील अधिकाऱ्याचे काम विमान कंपनीच्या खिडकीवरील कर्मचारी करू लागला, आणि सीमा मुंबई-दिल्लीच्या विमानतळावर येऊन ठेपली. विमान बदलण्यासाठी उतरणारा प्रवासी आश्रय मागू शकतो, या भीतीने १९९३ च्या कायद्याने ब्रिटनने ठराविक देशांच्या नागरिकांवर पारगमन-व्हिसाची अट घालण्याचा अधिकार घेतला. अमेरिकेने ऑगस्ट २००३ मध्ये व्हिसाविना पारगमनाची आपली सवलत सुरक्षेच्या कारणास्तव स्थगित केली.

याच्या उलट प्रवाहही होता. १९८५ चा शेंगेन करार मार्च १९९५ पासून सात देशांत अमलात आला आणि एका व्हिसावर अनेक देश पाहणे शक्य झाले. जेथे मुक्काम सर्वांत मोठा त्या देशाकडे अर्ज करावा, आणि ते ठरविता येत नसेल तर प्रथम प्रवेशाच्या देशाकडे, असा त्याचा नियम आहे. २०१० पासून लागू झालेल्या व्हिसा-संहितेने शेंगेन प्रदेशातून जाण्यासाठीचा वेगळा पारगमन-व्हिसा बंद केला. विमानतळावरील पारगमन-व्हिसा मात्र ठेवला. सर्व सदस्यांना बंधनकारक अशा त्याच्या मूळ यादीत १२ देश होते. त्यांत भारत नव्हता. तरी काही सदस्य राष्ट्रांनी भारतीयांवर ही अट स्वतंत्रपणे लावली. परकीयांना पारगमन-व्हिसा लावणाऱ्या देशांत भारतही आहे, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल.

या सर्व घटनाक्रमातून एक सूत्र स्पष्ट होते. १९०८ च्या हुकुमाने वाटेत थांबलेल्याला दोषी ठरविले. आजचा पारगमन-व्हिसा प्रवाशाकडून तो थांबणार नाही याची हमी मागतो. दोन्ही नियम माणसाविषयी बोलत नाहीत, केवळ मार्गाविषयी बोलतात. आणि दोहोंचा भार कोणावर पडतो हे पारपत्राच्या मुखपृष्ठावरून ठरते. १९२० च्या परिषदेने ज्याला निरुपद्रवी मानले तो वाटसरू शतकभरात संशयित झाला. तिकीट, बँकेचा दाखला, पुढच्या देशाचा शिक्का ही सर्व कागदपत्रे अखेर एकच गोष्ट सिद्ध करण्यासाठी असतात : हा माणूस निघून जाईल. आनंदीबाईंना आपण का जात आहोत हे स्वकीयांना सांगावे लागले होते. त्यांच्या नंतरच्या प्रवाशाला आपण राहणार नाही हे परक्यांना पटवावे लागते. मराठी प्रवासवर्णनाच्या अभ्यासकाने ही पाने गाळून पुढे जाऊ नये, कारण प्रवाशाची जगातील पत तेथेच नोंदलेली असते.