केर, केरसुणी आणि हातात मावणारं यंत्र



आजचा विषय घरातलाच आहे. केर.

बाजारात आता हातात मावेल एवढा व्हॅक्यूम क्लीनर आलाय. चार्जिंगवर चालतो, मोबाइलवर मागवला की दारात येतो. गटाच्या बैठकीत त्याचं नाव निघालं की लगेच बाजू पडतात. एक म्हणते, "वाकून वाकून कंबर मोडली, घेऊन टाकू." दुसरी म्हणते, "केरसुणीचं काम, त्याला हजारो रुपये कशाला?" तिसरी म्हणते, "आमच्या मातीच्या जमिनीवर ते करणार काय?" तिघींचंही खरं आहे. पण कर्ज उचलण्याआधी या यंत्राची कुळकथा ऐकून घेऊ. यंत्र सव्वाशे वर्षांचं आहे. त्याने बाईचं काम किती हलकं केलं, याचाही हिशेब कुणीतरी मांडून ठेवला आहे.

सुरुवात आपल्या घरापासून करू. आपल्याकडे केर काढणं हे एक काम कधीच नव्हतं, ती कामांची रांग होती. पहाटे अंगण झाडायचं, सडा टाकायचा, घरात केरसुणी फिरवायची, आणि दर काही दिवसांनी शेणाने सारवायचं. सड्याने धूळ बसते, सारवणाने जमीन बांधली जाते. धूळ उडू न देण्याची ही आपली जुनी युक्ती. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरात तर वरूनही माती गळायची, म्हणून झाडलेलं घर पुन्हा झाडावं लागायचं.

अंगणाचा खराटा तुराट्यांचा, घरच्या घरी बांधलेला. घरातली केरसुणी शिंदीच्या पानांची. ती बांधणं हे मातंग समाजाचं पिढीजात कसब. दोर वळायचा, केरसुण्या बांधायच्या, गावाला पुरवायच्या आणि मोबदल्यात सुगीला धान्य घ्यायचं, अशी गावगाड्याची रीत होती. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो, लक्ष्मी म्हणतो. पण ती बांधणाऱ्या हातांना गावाने मान दिला नाही, वेशीबाहेर ठेवलं. आणि घरात ती फिरवणाऱ्या हातांचं काम कुणी काम म्हणून मोजलंच नाही.

संतांनी मात्र हे पाहिलं होतं. परळीच्या शेजारचं गंगाखेड हे जनाबाईंचं गाव. नामदेवांच्या घरी त्या दासी होत्या. दळण, कांडण, झाडलोट हेच त्यांचं जगणं, आणि त्यांच्या अभंगांत देव स्वतः येऊन या कामाला हात लावतो. सातशे वर्षांपूर्वीच्या कष्टकरी बाईने देवाकडून काय अपेक्षिलं, तर कामात मदत. पुढे गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) स्वतः खराटा हातात घेतला. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तनात माणसांची मनं. त्यांच्या नावाने २००० साली राज्य सरकारने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं आणि आपल्यापैकी कितीतरी जणी त्या अभियानात राबल्या. गावाचे रस्ते झाडायला तेव्हा पुरुषही उतरले. घरातली केरसुणी मात्र बाईच्याच हातात राहिली.

आता यंत्राकडे येऊ. त्यासाठी इंग्लंडला जावं लागेल.

तिथे घरांत जाड लोकरी गालिचे असत. केरसुणीने त्यातली धूळ निघत नाही, नुसती उडते. धूळ साफ करणारी काही यंत्रं तेव्हा होती, पण ती हवा फुंकून धूळ उडवायची. ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने विचार केला, फुंकण्याऐवजी ओढली तर? त्याने खुर्चीच्या गादीवर हातरुमाल ठेवला, त्याला तोंड लावून जोराने श्वास ओढला आणि रुमाल उलटा करून पाहिला. गादीतली काळी धूळ रुमालाला चिकटली होती. १९०१ साली त्याने यंत्राचं पेटंट घेतलं.

ते यंत्र केवढं, तर घोडागाडीवर लादून आणावं लागे एवढं. गाडी रस्त्यावर उभी राहायची, लांब नळ्या खिडकीतून घरात जायच्या आणि कंपनीचे गडी घर साफ करून द्यायचे. १९०२ साली इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकाआधी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या मोठ्या चर्चचे गालिचे याच यंत्राने साफ झाले.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे. हे पहिलं यंत्र कुठल्याही घराच्या मालकीचं नव्हतं. ते भाड्याने यायचं, पगारी माणसं ते चालवायची आणि काम संपलं की निघून जायचं.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. ओहायो राज्यातल्या कँटन गावात जेम्स मरे स्पँग्लर हा साठीच्या घरातला माणूस एका मोठ्या दुकानात झाडलोट करायचा. त्याला दमा होता. झाडताना धूळ उडाली की खोकून जीव जायचा. त्याने पंख्याची मोटर घेतली, साबणाचा खोका घेतला, दांडा लावला आणि धूळ साठवायला चक्क उशीचा अभ्रा बांधला. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं. ओळखीच्या सुझन हूव्हर या बाईंनी ते घरी वापरून पाहिलं आणि नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याचा धंदा चामड्याच्या सामानाचा. त्याने ते पेटंट विकत घेतलं आणि हूव्हर हे नाव जगभर गेलं.

म्हणजे घराघरात गेलेलं हे यंत्र एका झाडणाऱ्या माणसाने स्वतःचा श्वास वाचवायला तयार केलं, आणि एका बाईने वापरून पाहिल्यावरच ते पुढे गेलं. म्हणून "हे श्रीमंतांचं खूळ आहे" असं म्हणून ते उडवून लावू नये. धूळ छातीत जाते ती झाडणारीच्या. तूर, सोयाबीन, हरभऱ्याच्या मळणीनंतर घरात जी फुफाटी बसते, ती काढताना ठसका कुणाला लागतो, हे आपल्याला सांगायला नको.

मग या यंत्राने बाईचे कष्ट कमी झाले का? अमेरिकेतल्या रूथ श्वार्ट्झ कोवान या इतिहासकार बाईंनी हाच प्रश्न धरून १९८३ साली एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. यंत्र येण्याआधी गालिचे वर्षातून एक-दोनदा बाहेर काढून काठीने झोडायचे. ते जड काम, म्हणून पुरुष आणि पोरं त्यात असायची. यंत्र आलं आणि सगळे म्हणाले, आता सोपं झालं, बाई एकटी करू शकते. मग वर्षातून दोनदा होणारं काम दर आठवड्याला होऊ लागलं. घर आणखी लख्ख असलं पाहिजे, ही अपेक्षा वाढली. काम हलकं झालं खरं, पण ते एकटीवर आलं आणि वेळ काही वाचला नाही.

हे आपल्याला पटकन कळेल असं उदाहरण घेऊ. घटस्थापनेआधीची गोधड्या-वाकळांची धुणी आठवा. बैलगाडी भरून गोधड्या नदीवर जायच्या. गाडी हाकायला गडीमाणूस, पिळायला दोघं-तिघं, वाळत घालायला पोरं. काम अवघड होतं, पण ते सगळ्या घराचं होतं. उद्या गोधडीसाठी एक यंत्र आलं, तर घर काय म्हणेल? "आता यंत्र आहे ना, कर तू."

याउलट पिठाच्या गिरणीचं पाहा. गिरणी आली आणि पहाटेचं जातं थांबलं. कारण दळणाचं काम घराबाहेर गेलं. डबा घेऊन पोरगं जाऊ लागलं, नवराही जाऊ लागला. काम घराबाहेर नेणारं यंत्र आणि काम बाईच्याच पदरात ठेवणारं यंत्र, यात एवढा फरक पडतो.

आपल्या देशात हे यंत्र मोठ्या प्रमाणावर दारोदार पोचवलं ते युरेका फोर्ब्स कंपनीने. ही कंपनी १९८२ साली सुरू झाली. तिचा सेल्समन घरात यायचा, गादी-गालिच्यावर यंत्र फिरवून निघालेली धूळ दाखवायचा. ती पाहून घरच्या बाईला आपलं घर घाण असल्यासारखं वाटायचं आणि यंत्र विकलं जायचं. आज सेल्समनच्या जागी मोबाइलवरचा व्हिडिओ आहे. युक्ती तीच आहे.

छोट्या यंत्राचा जन्म त्याच्या थोडा आधीचा. चांद्रमोहिमेसाठी बॅटरीवरची हत्यारं बनवणाऱ्या ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९७९ साली हातात धरायचा, वायरीशिवाय चालणारा क्लीनर बाजारात आणला. आज आपल्याला दिसतो तो त्याचाच वंशज.

आता वादाकडे येऊ. छोट्या यंत्राचे गुण आहेत.  फरशीच्या कोपऱ्यातली, खिडकीच्या फटीतली, गादीतली धूळ ते उडू न देता ओढतं. घरात दम्याचं माणूस असेल तर हा मोठा फायदा. शिवणकामाच्या गटात मशीनखालचे दोरे, कापसाचा भुगा त्याने पटकन निघतो.

मर्यादाही आहेत. बॅटरी थोडी मिनिटं चालते, डबी लहान असते, सारखी रिकामी करावी लागते. सारवलेल्या जमिनीवर ते केर ओढत नाही, जमीनच ओढतं. ऊसतोडीला गेल्यावर सहा महिने कोपीत त्याचा उपयोग शून्य. पाणी, ओला केर ओढण्यासाठी बनवलेलं नसेल तर मोटर जळते. चुलीची राख कधीच ओढू नका, आत निखारा राहिला तर पेट घेईल. गिरणीच्या जागेतलं उडणारं पीठही साध्या यंत्राने ओढू नका. बारीक पीठ ठिणगीने पेटतं.

आणि फिल्टर पाहा. छातीत खोल जाते ती डोळ्यांना न दिसणारी धूळ. फिल्टर साधा असेल तर यंत्र मोठा केर ठेवून घेतं आणि बारीक धूळ मागून पुन्हा घरात सोडतं. हेपा नावाचा चांगला फिल्टर बारीक कणांतले १०० पैकी ९९ हून जास्त अडवतो. यंत्र घ्यायचंच तर हे नाव विचारा, फिल्टर सुटा मिळतो का विचारा, आणि दुरुस्ती बीड, अंबाजोगाई, परळीत होते का पुण्याला पाठवावं लागतं, हेही विचारा.

यंत्र न घेताही दोन गोष्टी आजच करता येतात. केरसुणीला, खराट्याला लांब दांडा बांधा, कंबर वाचेल. झाडण्याआधी पाण्याचा हबका मारा, नाकाला ओलं फडकं बांधा, छाती वाचेल.

आणि गटासाठी एक विचार. बूथचं ते भाड्याचं यंत्र आठवा. आपले कितीतरी गट लग्नाची भांडी, सतरंज्या भाड्याने देतात. दहा घरांनी दहा लहान यंत्रं घेण्यापेक्षा गटाने एक दमदार, चांगल्या फिल्टरचं यंत्र घेतलं तर? दसरा-दिवाळीची साफसफाई, मंगल कार्यालय, दवाखाना, दुकान. भाडं येईल, चालवणारीला मजुरी मिळेल. घरात फुकट होणारं काम बाहेर गेलं की त्याला दर लागतो. त्यातच केरसुणी बांधणाऱ्या कुटुंबांचा माल गटाने योग्य भावात घ्यायचं ठरवलं, तर आणखी चांगलं. अंगणाला खराटा लागणारच आहे.

शेवटी एक आकडा. २०१९ साली केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्या कामाला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात, असं त्यात आलं. म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणारे पुरुष देतात ९७ मिनिटं. आणि मुळात घरकाम करणारे पुरुष होते शंभरात २६, बायका ८१. २०२४ ला पुन्हा पाहणी झाली, तेव्हा बायकांची मिनिटं २८९ झाली. पाच वर्षांत दहा मिनिटं कमी. त्या पाहणीत पुरुषांची मिनिटंही कमीच झाली, ९७ ची ८८.

म्हणून पुढच्या बैठकीत यंत्राचा विषय निघाला की किमतीच्या आधी एक प्रश्न विचारा. हे यंत्र घरात चालवणार कोण? उत्तर "घरातलं कुणीही" असं आलं, पोरगा, नवरा, सासरे यांच्याही हातात ते जाणार असेल, तर खुशाल घ्या. वायर नसलेलं हलकं यंत्र पोरानेही उचलावं, त्यात अवघड काही नाही. उत्तर "अजून कोण, मीच" असं आलं, तर आधी केरसुणीची पाळी लावा, यंत्राचं मग बघू.

तुमच्या गटात काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.